सायबर सुरक्षा व मानवी वर्तन

संगणकीय व्यवस्थेच्या रक्षणात भय, लोभ, कुतूहल, घाई आणि अधिकाराविषयीचा आदर या मनुष्यस्वभावातील प्रवृत्तींचा जो वाटा असतो, त्याचा विचार या विषयात होतो. मे २००० मध्ये फिलिपिन्समधून पसरलेला ‘आय लव्ह यू’ हा घातक प्रोग्राम प्रेमपत्राच्या मिषाने ईमेलमधून येई आणि उघडताच त्या संगणकातील साऱ्या पत्त्यांवर स्वतःला रवाना करी. पत्र परिचिताच्याच नावे आल्यामुळे संशयास जागाच उरत नसे.

भारतात अलीकडे बोकाळलेल्या ‘डिजिटल अरेस्ट’मध्ये तर यंत्र नाममात्रच असते: पोलीस अंमलदाराचा वेश घेतलेला भामटा व्हिडिओ कॉलवर खोट्या गुन्ह्याचा धाक घालतो, घरच्यांशी बोलण्यास मज्जाव करतो आणि तासन्‌तास कॅमेऱ्यासमोर बसवून आयुष्याची पुंजी वर्ग करवून घेतो. अशा अटकेची तरतूद कायद्यात मुळीच नाही, आणि फसवणूक होताच १९३० या सायबर गुन्हे मदत क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदविल्यास रक्कम गोठविली जाण्याचा संभव असतो.

फसलेल्यास मूर्ख ठरविणे मात्र अन्यायाचे आहे; दोष पुष्कळदा साधनांच्या रचनेचाही असतो. संरक्षणाची साधने वापरणाऱ्यास सुलभ असावीत, हे तत्त्व सॉल्टझर व श्रोडर या संगणकशास्त्रज्ञांनी १९७५ मध्येच मांडले होते. तरीही दर तिमाहीस पासवर्ड बदलण्याचे फर्मान कचेऱ्यांतून सुटत राहिले, आणि त्रस्त कर्मचारी जुन्याच शब्दापुढे एक आकडा वाढवून मोकळे होऊ लागले. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेने २०१७ मध्ये पासवर्ड फुटल्याचा सकारण संशय नसता अशी सक्ती करू नये, असे सुचविले.