दुसऱ्याने टिपलेले, आपण जोडलेले

मोखाड्याहून घाट चढून गेले की त्र्यंबकेश्वर. दादासाहेब फाळके तिथले, जन्म १८७० सालचा. १९१३ साली त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढला, हे शाळेत शिकवतात. पण कोऱ्या फिल्मच्या कडांना भोके पाडायचे काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई अंधारात बसून करत, आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच होता, हे फारसे कुणी सांगत नाही. त्या सिनेमाचे आज थोडेच तुकडे उरलेत.

तुकडा म्हणजे उरलेसुरले, असे आपण धरून चालतो. पण नुसत्या तुकड्यांतूनही सिनेमा होतो. गोधडीसारखाच. कापड जुनेच, पण कुठला तुकडा कशाशेजारी लावायचा ते टाके घालणारीने ठरवायचे.

रशियात एस्फिर शुब नावाच्या बाईंनी हे काम मोठ्या प्रमाणावर केले. त्या परदेशी सिनेमे कापून-जोडून देण्याची नोकरी करत. राजेशाही जाऊन दहा वर्षे होत आली, तेव्हा त्यांनी तळघरांत कुजत पडलेली रिळे धुंडाळली. सुमारे ६० हजार मीटर फिल्म पाहिली. त्यात राजाच्या घरची खासगी चित्रेही होती. त्यातून १९२७ साली ‘रोमानोव्ह घराण्याचा अंत’ तयार झाला. त्यात एके ठिकाणी बोटीवर बडी माणसे नाचून नाचून घामाघूम होतात आणि लगेच पुढे घाम गाळत माती खणणारे मजूर दिसतात. दोन्ही चित्रे दुसऱ्यांनी काढलेली. अर्थ मात्र बाईंचा. आणि तरी ‘हे तर नुसते चिकटकाम’ म्हणून त्यांना लेखकाचा मान द्यायला तिथले लोक तयार नव्हते! बाईच्या कामाला असे म्हणणारे कुठेही भेटतात.

पुढे १९५८ साली अमेरिकेत ब्रूस कॉनर यांनी जुनी रिळे जोडून बारा मिनिटांचा सिनेमा केला. आपल्याकडे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या पायल कपाडिया यांनी स्वतःच्या चित्रणात इतरांची जुनी चित्रेही मिसळून सिनेमा केला. २०२१ साली कान महोत्सवात त्याला माहितीपटाचा पुरस्कार मिळाला.

आता आपल्याकडे येऊ. १९९२ साली वावर-वांगणीत कुपोषणाने मुले दगावली. ते घडले, ते लपवायचे नाही. पण तेव्हापासून जव्हार-मोखाडा म्हटले की बाहेरच्या पडद्यावर तेच चित्र येते, नाहीतर पाहुण्यांसाठी तारपा नाच. मधले काहीच नाही. ते मधले आपल्या फोनमध्ये आहे. लावणी, बोहाड्याची सोंगे, लग्नाच्या सीड्या, बसची वाट पाहणाऱ्या बाया. फोनवरच कापता-जोडता येते, तीन मिनिटांचे पुरे. आवाज वेगळा घाला. मुखवट्यावर जात्याची घरघर लावून बघा, काय होते ते.

एक मात्र पाळा. दुसरीची क्लिप घेताना तिला विचारा, तिचे नाव द्या. आणि सीड्यांना बुरशी धरायच्या आत त्यांची नक्कल करून घ्या. वर पाडा, साल आणि कुणी काढले तेही लिहून ठेवा.