वर्ग गप्प कधीपासून बसला?

तेरखेड्यात बोलायला बोलावलं तेव्हा विषय असा दिला होता की, मुलं वर्गात रमत नाहीत, हातातलं काम सोडून इकडेतिकडे बघतात, त्यांना कामात कसं ठेवायचं? समोर बहुतेक सगळे शिक्षकच बसलेले दिसतात. युक्त्या आमच्यापेक्षा तुम्हाला जास्त ठाऊक असणार. आम्ही पडलो तत्त्वज्ञानाचे. तेव्हा आम्ही एवढंच करू शकतो की, या प्रश्नाचाच इतिहास थोडा तपासून पाहू. कारण 'लक्ष देणारा वर्ग' म्हटलं की आपल्यापुढे एक चित्र उभं राहतं. रांगेत बसलेली, तोंड मिटलेली, फळ्याकडे पाहणारी मुलं. हे चित्र फार जुनं नाही, आणि ते आपल्या मातीतलंही नाही.

आधी पंतोजींच्या शाळेत जाऊ. देवळाची ओसरी नाहीतर कुणाच्या वाड्याची पडवी. मुंबई सरकारच्या कौन्सिलातले प्रेंडरगास्ट नावाचे गृहस्थ १८२१ मध्ये लिहून गेले आहेत की, इलाख्यात एकही शाळा नाही असं गाव क्वचितच सापडेल. थोडी अतिशयोक्ती असेल, सोडून देऊ. पंतोजींना मोबदला किती, तर आईबापांच्या ऐपतीप्रमाणे मूठ-दोन मूठ धान्यापासून महिना रुपयापर्यंत. या शाळेत इयत्ता नव्हती. एक पोर धूळपाटीवर मुळाक्षरं गिरवतंय, दुसरं उजळणी म्हणतंय, तिसरं मोडीचा कित्ता घोटतंय, मोठा मुलगा दोन लहानग्यांना पावकी-निमकी घोकून घेतोय. आणि हे सगळं मोठ्यानं! बाहेरून जाणाऱ्याला नुसता कालवा ऐकू यायचा. पण त्या कालव्यात एक सोय होती. जो गप्प झाला, त्याचं काम थांबलं. पंतोजींना मान वर करून बघायचीही गरज नाही, कानावरून समजावं. आपल्याकडे आज बरोबर उलटं आहे. आवाज आला की आपण म्हणतो, वर्गाचं लक्ष नाही.

पिएत्रो देल्ला व्हाल्ले नावाचा इटालियन प्रवासी १६२३ मध्ये कर्नाटकात इक्केरीला होता. तिथे देवळाच्या ओसरीवर चार मुलं गणित शिकताना त्यानं पाहिली. एकजण चालीवर म्हणायचा, म्हणता म्हणता जमिनीवर पसरलेल्या बारीक वाळूत बोटानं लिहायचा. बाकीचे तसंच म्हणत, तसंच लिहीत. वाळू भरली की हातानं पुसायची, पुन्हा सुरू. मास्तर कुणी नव्हताच. यानं विचारलं, चुकलात किंवा विसरलात तर दुरुस्त कोण करतं? मुलांनी सांगितलं, चौघं एकाच वेळी एकच गोष्ट कशी विसरतील? प्रवासी खूश झाला. आम्हालाही हे उत्तर फार आवडतं. 'सहाध्यायी शिक्षण' वगैरे जे शब्द प्रशिक्षणात येतात, त्यांचा सगळा अर्थ त्यात आहे, आणि तोही पोरांच्या तोंडून.

पुढची गोष्ट मद्रासची. अँड्र्यू बेल नावाचे पाद्री तिथल्या एग्मोरच्या सैनिकी अनाथाश्रमाचे प्रमुख होते. त्यांनी १७८९ नंतर कधीतरी मलबारी मुलांना वाळूत बोटानं अक्षरं काढताना पाहिलं आणि तेच आपल्या शाळेत करायचं ठरवलं. त्यांच्या शिक्षकांना हे काही रुचेना. मग बेलनी जॉन फ्रिस्कन नावाच्या आठ वर्षांच्या मुलालाच खालच्या वर्गावर नेमलं, आणि काम जमलं. १७९७ मध्ये त्यांनी लंडनला यावर पुस्तिका काढली. तिकडे जोसेफ लँकेस्टर यांनी १७९८ पासून स्वतःची अशीच शाळा चालवली, आणि एक मास्तर शेकडो मुलं सांभाळतो अशी तिची कीर्ती झाली. मोठी मुलं 'मॉनिटर'. आपल्या वर्गातल्या मॉनिटरचं कूळ हे असं आहे.

मात्र ओसरीवरची रीत कारखान्यात गेली की तिचं काय होतं ते इथे बघा. शेकडो मुलं एका दालनात, म्हणून रांगा आल्या, इशाऱ्यावर उठणं-बसणं आलं. लँकेस्टर छडीच्या विरुद्ध होते, पण बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडाचा ओंडका अडकवत, काहींना टोपलीत बसवून छताला टांगत. मुलाने मुलाला शिकवण्यातला जीव गेला, शिस्त तेवढी उरली. आणि ही पद्धत विलायतेहून फिरून १८२० नंतर मुंबईच्या शाळांत आली. आपलीच वस्तू, पण ओळखू न येणारी!

१८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर शिक्षणखातं आलं, त्याबरोबर तपासणी आली. खेड्यात 'दिपोटी' म्हणत, म्हणजे डेप्युटी इन्स्पेक्टर. हा साहेब वर्षातून एकदोनदा येणार, तास-दोन तासांत शाळा पाहणार. इंग्लंडात १८६२ पासून निकालावर अनुदान सुरू झालं, आणि तो मापदंड मुंबई इलाख्यातल्या अनुदानित शाळांपर्यंतही पोहोचला. आता विचार करा. परक्या माणसाला तासाभरात शिकणं कसं दिसणार? शांतता दिसते. हात जोडून उभी राहिलेली मुलं दिसतात. आमच्या मते वर्ग गप्प बसायला लागला तो इथे. मुलाच्या शिकण्यासाठी तो बसला नाही, पाहुण्याच्या सोयीसाठी बसला.

पंतोजींची शाळा म्हणजे सुवर्णयुग, असं आम्ही म्हणत नाही बरं का. छडी होती, ओणवं उभं करणं होतं, त्याहून वाईट शिक्षा होत्या. मुख्य म्हणजे त्या कालव्यात मुली जवळजवळ नव्हत्या, अस्पृश्य मानलेल्यांची मुलं नव्हती. म्हणून १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी दिलेलं निवेदन वाचायला हवं. शेतकऱ्याचं पोर शाळेत टिकत का नाही, हा त्यांचा प्रश्न होता. प्रशिक्षित शिक्षक द्या, आणि शक्यतो शेतकरी वर्गातून द्या. नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हातात धरायची ज्याला लाज वाटणार नाही, असा द्या. शेतीची प्राथमिक माहितीही शिकवा. मुलाचं लक्ष उडतं, त्याचं कारण त्यांनी मुलात शोधलंच नाही. शिकवणारा आणि शिकवलं जाणारं, यांत शोधलं.

हे सगळं मुंबई इलाख्याचं झालं. आपलं तेरखेडा तर सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. इथला प्रश्न आणखी वेगळा. घरी मराठी, आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झालं ते उर्दू माध्यमाचं, म्हणजे तिथवर जायचं तर खालची शाळाही त्याच वाटेनं. न समजणाऱ्या भाषेत तासन्‌तास बसलेल्या मुलाला 'दुर्लक्ष करतो' म्हणावं का? याच जिल्ह्यात हिप्परग्याला १९२१ मध्ये राष्ट्रीय शाळा निघाली. पुढे स्वामी रामानंद तीर्थ म्हणून सगळ्यांना माहीत झालेले गृहस्थ तिथे मुख्याध्यापक होते. त्या शाळेचं राजकारण आपण नेहमी सांगतो. मुलाला त्याच्या भाषेत बोलू देणं, हा त्या शाळेचा भाग मात्र सांगायचा राहून जातो.

आता थोडं आमच्या विषयातलं. न्यायदर्शनात मन अणुएवढं मानलं आहे; ते एका क्षणी एकाच इंद्रियाशी जोडलं जातं, म्हणून दोन ज्ञानं एकदम होत नाहीत. विल्यम जेम्स यांनी १८९० मध्ये वेगळ्या वाटेनं जाऊन म्हटलं की, जाणूनबुजून दिलेलं लक्ष सलग काही सेकंदांपेक्षा जास्त टिकत नाही. ते पुन्हापुन्हा ओढून आणावं लागतं, आणि वस्तूतच काही नवं दिसत राहिलं तरच रेंगाळतं. म्हणजे पस्तीस मिनिटं 'लक्ष दे' हा हुकूम कुणालाच पाळता येत नाही, आमच्या या भाषणालाही नाही. ज्ञानेश्वरांनी नवव्या अध्यायाच्या सुरुवातीलाच श्रोत्यांकडे अवधान मागितलं आहे. मागितलं आहे, बजावलेलं नाही, आणि बदल्यात सुख देऊ असा शब्दही दिला आहे.

हे प्रत्यक्षात कुणी केलं, तर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी. १९४५ मध्ये बोर्डीला सुरुवात, पुढे डहाणू तालुक्यातच कोसबाडला. आदिवासी मुलं शाळेत यायची नाहीत, कारण गुरं राखायची असत. मग शाळाच कुरणात नेली, तिचं नाव कुरणशाळा. मुलींच्या कडेवर धाकटं भावंड असायचं, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाला एक जोडून घेतली. बाळ पाळण्यात, ताई वर्गात. ताईचं लक्ष बाळाकडे जातं म्हणून तिला रागावणं सोपं होतं. त्यांनी बाळाची व्यवस्था केली.

आपल्याकडे कडेवरचं बाळ नसेल, कोयता आहे. या भागातली कितीतरी कुटुंबं दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात ती उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. हंगामी वसतिगृहाची योजना आहे, आजी-आजोबांकडे राहणारी मुलं आहेत, तरी काही पोरं आईबापांबरोबर फडावर जातातच. ते पोर मार्चमध्ये परत येतं तेव्हा वर्ग पाठ अठरावर असतो आणि ते पाठ सातवर. सगळा वर्ग एकाच पानावर, एकाच वेळी, गप्प, अशी रचना असेल तर त्याला बसायला जागाच उरत नाही. ते खिडकीतून बघणार नाही तर काय करणार? १ एप्रिल २०१० पासून कायद्यानं त्याला मारता येत नाही, हे ठीकच झालं. पण न मारता नुसतं मागच्या रांगेत बसवून ठेवलं, तर त्याच्या दृष्टीनं फरक थोडाच.

दोनशिक्षकी शाळेत एका गुरुजींकडे दोन-तीन इयत्ता असतातच. तक्रार म्हणून आपण ते सांगतो, आणि तक्रार खरीही आहे. पण सगळी मुलं वेगवेगळ्या पाठांवर असतात तिथे पाठ सातवाल्याला पाठ दहावाल्याशेजारी बसवता येतं, दोघांना मोठ्यानं म्हणू देता येतं, आणि त्या वेळी गुरुजींना तिसऱ्याकडे जाता येतं. केंद्रप्रमुख आले आणि त्यांनी हा आवाज कसला म्हणून विचारलं, तर पाठ सातवालं पोर आता पाठ आठवर गेलंय, हे वही उघडून दाखवावं.