मातीची गाडी आणि मातीतले नट

‘मृच्छकटिक’ हे नाव मराठी रसिकाला नवे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गोविंद बल्लाळ देवलांनी शूद्रकाच्या या दहा अंकी नाटकाला मराठी संगीत रंगभूमीवर आणले आणि चारुदत्त व वसंतसेना ही मराठी माणसाच्या घरचीच पात्रे झाली. पुढे बालगंधर्वांनी वसंतसेनेची भूमिका गाजवली. जुन्या कथेला आपल्या काळाचा आवाज देण्याचे काम देवलांनी पदांच्या द्वारे केले. १९५८ साली दिल्लीत याच नाटकाला हात घालणाऱ्या एका दिग्दर्शकाने मात्र निराळी वाट धरली. ते दिग्दर्शक म्हणजे हबीब तन्वीर.

तन्वीरांचा जन्म १ सप्टेंबर १९२३ रोजी रायपूर येथे झाला. त्या काळी रायपूर मध्य प्रांतात होते आणि प्रांताची राजधानी नागपूर. साहजिकच पदवीच्या शिक्षणासाठी ते नागपूरच्या मॉरिस कॉलेजात आले. १९४५ मध्ये त्यांनी मुंबई गाठली. तेथे आकाशवाणी, चित्रपट, पत्रकारिता आणि ‘इप्टा’ची चळवळ अशा अनेक क्षेत्रांत त्यांनी उमेदवारी केली. १९५४ मध्ये दिल्लीत ‘आग्रा बाजार’ हे नाटक करून नजीर अकबराबादीची कविता त्यांनी बाजारातल्या फेरीवाल्यांच्या तोंडी दिली. पुढच्याच वर्षी ते लंडनच्या रॉयल अकॅडमीत नाट्यशिक्षणासाठी गेले. परंतु इंग्रजी रंगभूमीचे शिक्षण आपल्या भाषेतील नाटकाला फारसे उपयोगी पडणार नाही, असे त्यांना लवकरच वाटू लागले. युरोपात भटकत १९५६ मध्ये ते बर्लिनला पोहोचले, तेव्हा ब्रेख्तचे नुकतेच निधन झाले होते. ब्रेख्तची नाटके मात्र त्यांनी तेथे काही महिने मन लावून पाहिली. परदेशातून परतताना त्यांनी मनाशी एक गोष्ट पक्की केली होती : आपले नाटक आपल्याच मातीत शोधायचे.

मायदेशी आल्यावर ते रायपूरला गेले. तेथे ‘नाचा’ या छत्तीसगढी लोकनाट्याचे रात्रभर चालणारे प्रयोग त्यांनी पाहिले आणि त्यातील सहा कलावंतांना दिल्लीला नेले. बेगम कुदसिया झैदी यांच्या हिंदुस्तानी थिएटरसाठी बसवलेल्या ‘मिट्टी की गाडी’ मध्ये हे ग्रामीण नट शहरी नटांच्या जोडीने उभे राहिले. संस्कृत नाटकाला असा गावरान स्पर्श व्हावा, हे सर्वांनाच रुचले नाही. तथापि तन्वीरांच्या या धाडसामागे एक निश्चित विचार होता.

संस्कृत नाटकाची बांधणी सैल असते, एकाच अंकात स्थळे बदलतात, काळाचे भान राहत नाही, असा आक्षेप पाश्चात्त्य नाट्यशास्त्रावर पोसलेले विद्वान घेत असत. ‘मृच्छकटिक’ मध्ये तर रस्ता, घर, उद्यान, न्यायसभा आणि वध्यभूमी अशी सतत धावपळ आहे. पडदे आणि देखावे यांच्या चौकटीत ती मावत नाही. तन्वीरांनी पाहिले की, नाचातील नट रंगस्थळाभोवती एक फेरी मारतो आणि दुसऱ्या गावी पोहोचतो; प्रेक्षकाला त्यात काहीच खटकत नाही. संस्कृत नाटकातील ‘परिक्रमण’ तरी याहून निराळे काय होते? म्हणून त्यांनी देखाव्यांना फाटा देऊन मोकळे, गोलाकार रंगपीठ घेतले. विद्वानांना दोष वाटणारी गोष्ट त्या रंगपीठावर नाटकाची गती ठरली. जे आधुनिक म्हणून वाखाणले गेले, ते खरे पाहता अतिशय जुने होते.

एवढ्याने सर्व साधले असे मात्र नाही. १९५९ मध्ये मोनिका मिश्र यांच्यासह ‘नया थिएटर’ स्थापन केल्यानंतरही कितीतरी वर्षे त्यांच्या प्रयोगांत एक अवघडलेपणा राहिला. ठाकुरराम यांच्यासारखा नाचातील मातब्बर नट गावच्या आखाड्यात वाघासारखा वावरे, तोच दिल्लीच्या रंगमंचावर आखडून जाई. याचे कारण तन्वीरांना फार उशिरा, १९७० च्या सुमारास उमगले आणि त्यांनी ते प्रांजळपणे सांगितलेही. ज्यांची जीभ छत्तीसगढीत घडली त्यांना ते हिंदी बोलायला लावत होते. लिहिणेवाचणे न आलेल्या नटांना ‘इथून तिथे तीन पावले’ अशा आखीव हालचालींत बांधत होते. चूक नटांची नसून दिग्दर्शकाची होती. त्यानंतर त्यांनी नटांना त्यांची बोली आणि त्यांची चाल परत दिली. १९७३ मध्ये रायपूरला नाचा कलावंतांचे शिबिर घेऊन त्यांनी या नव्या पद्धतीचा पाया घातला. १९७५ चा ‘चरणदास चोर’ हे तिचे फळ होय. १९८२ मध्ये एडिंबरोच्या नाट्यमहोत्सवात या नाटकाला ‘फ्रिंज फर्स्ट’ पारितोषिक मिळाले.

याच पद्धतीने ‘मिट्टी की गाडी’ छत्तीसगढीचा साज लेवून पुन्हा उभी राहिली आणि शूद्रकाचे मर्म तेथे अधिक उजळले. मूळ नाटकात केवळ संस्कृत नाही. त्यात निरनिराळ्या प्राकृत बोली आहेत. राजाचा उर्मट मेहुणा शकार ‘स’ च्या जागी ‘श’ उच्चारतो, म्हणूनच त्याचे नाव शकार. जुगारी, गाडीवान, चांडाळ असे सारे आपापल्या बोलीत बोलतात. गोपाळपुत्र आर्यकाने जुलमी पालकाचे सिंहासन उलथावे, हीच ज्या नाटकाची पार्श्वभूमी, ते एकसुरी प्रमाण भाषेत कसे शोभावे? शर्विलक भिंतीला भोक पाडताना आपल्या चौर्यकलेचा जो अभिमान मिरवतो, त्यातील मिस्कीलपणा बोलीत सहज उतरतो.

विशाखदत्ताचे ‘मुद्राराक्षस’, भट्टनारायणाचे ‘वेणीसंहार’, शेक्सपिअरचे ‘मिडसमर नाइट्स ड्रीम’ अशा अभिजात कृतींनाही तन्वीरांनी याच विश्वासाने स्पर्श केला. ८ जून २००९ रोजी भोपाळ येथे त्यांचे निधन झाले.

चारुदत्ताचा मुलगा रोहसेन मातीची गाडी नको, सोन्याची हवी म्हणून रडतो आणि वसंतसेना आपले दागिने त्या मातीच्या गाडीत भरते. अभिजात वाङ्मय आणि लोकांची बोली यांचे नाते याहून वेगळे नाही. सोने जपून ठेवण्याचे काम ग्रंथ करतात. पण ते वाहून नेणारी गाडी मातीचीच असावी लागते. ही गोष्ट ओळखायला तन्वीरांना बारा वर्षे लागली. ती त्यांनी ओळखली आणि कबूलही केली, यातच त्यांचे मोठेपण आहे.