फाइल कोणी नेली?

१३ मार्च ही तारीख पुण्याच्या आरोग्याच्या इतिहासात दोनदा येते. १८९७ साली या दिवशी इंग्रज अधिकारी रँड याच्या प्लेग समितीने पेठांमध्ये घरझडत्या सुरू केल्या. २०२० साली याच दिवशी, कोविड आला म्हणून, राज्य सरकारने पुण्यासह काही शहरांत साथरोग कायदा लागू केला. कायदा तोच, १८९७ चा. मधल्या सव्वाशे वर्षांत रुग्ण हुडकायची सरकारी रीत मात्र पार बदलली. त्या बदलातला शेवटचा टप्पा मी नोकरीत पाहिला. राहायला वारज्यात आणि काम शहरातल्या एका खासगी रुग्णालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये, हे माझं निवृत्तीपर्यंतचं आयुष्य.

रँडकडे बघायला कागद नव्हते, म्हणून सोजीर थेट माजघरात शिरले. काखेत-जांघेत गाठ आहे का ते चाचपायचे. रुग्णाची रवानगी इस्पितळात, घरच्यांची छावणीत. हेतू साथ आटोक्यात आणायचा होता, पण लोकांनी आजारी माणसं लपवली, मयती गुपचूप उरकल्या. या झडत्यांच्या तीनच दिवस आधी, १० मार्चला, सावित्रीबाई फुले प्लेगने गेल्या. मुंढव्याहून एका आजारी मुलाला पाठीवर घालून त्यांनी आपला मुलगा डॉ. यशवंत याच्या दवाखान्यात आणलं होतं, त्यातच त्यांना लागण झाली. प्लेगचा रुग्ण गाठायच्या या दोन तऱ्हा एकाच शहरात, एकाच महिन्यात दिसल्या. २२ जूनला गणेशखिंड रस्त्यावर चापेकरांनी रँडला गोळी घातली. पुढे काय झालं ते शाळेच्या पुस्तकात आहे. रुग्णाची माहिती सक्तीने काढायला गेलं की ती आधी दडते, हे मात्र पुस्तकात ठळक लिहिलेलं नाही.

पुढे कळवायची जबाबदारी डॉक्टरवर आली आणि सरकार रुग्णालयाच्या कागदाची वाट बघू लागलं. २००४ साली एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प सुरू झाला, महाराष्ट्र पहिल्याच टप्प्यात होता. त्याचे तीन फॉर्म: आरोग्यसेवकाचा ‘एस’, डॉक्टरांचा ‘पी’, लॅबचा ‘एल’. आठवड्याचे आकडे भरून द्यायचे. गॅस्ट्रो इतके, कावीळ इतकी, डेंगी इतके. ‘पी’मध्ये नावगाव नाही, नुसती बेरीज. २००९ च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला आणि नायडू रुग्णालयाबाहेर रांगा लागल्या. तेव्हा आठवड्याची बेरीज फार उशिरा पोचते हे सगळ्यांनाच कळलं. २०१२ मध्ये क्षयरोग कळवणं बंधनकारक झालं, ‘निक्षय’ या सरकारी पोर्टलवर रुग्ण नावानिशी नोंदला जाऊ लागला. एप्रिल २०२१ मध्ये एकात्मिक आरोग्य माहिती मंच आला आणि एकेका रुग्णाची नोंद त्याच दिवशी वर जायची सोय झाली.

आता पुढची पायरी बोलली जाते: रुग्णालयाने भरून पाठवायचं कशाला? महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्याने आपल्या टेबलावरून रुग्णालयाचं रेकॉर्ड उघडावं. मला यात वावगं वाटत नाही. फॉर्म भरणारी मीच होते. सणाच्या आठवड्यात तो कसा भरला जातो, हे मी सांगायला नको.

पण दुरून बघणाऱ्याला काय दिसेल, हे केसपेपर हाताळलेल्यालाच ठाऊक. सगळ्यात महत्त्वाचा रकाना पत्त्याचा, आणि सगळ्यात ढिसाळ भरलेलाही तोच. शिवणे, उत्तमनगर, कोंढवे-धावडे इथून आलेल्या माणसाला काउंटरवर घाईत विचारलं की तो सांगणार, “वारज्याच्या पुढं”. पेपरवर पडतं ‘वारजे’. वारजे महापालिकेत आलं १९९७ मध्ये, शिवणे-उत्तमनगर २०१७ मध्ये, कोंढवे-धावडे २०२१ मध्ये. म्हणजे एका ‘वारजे’मागे तीन काळच्या हद्दी आणि त्यांच्या वेगवेगळ्या पाण्याच्या सोयी. जानेवारी २०२५ मध्ये नदीपलीकडे सिंहगड रस्त्यावर जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम) रुग्ण वाढले, तेव्हा ते निरनिराळ्या रुग्णालयांत विखुरलेले होते. पत्ते एकत्र मांडल्यावर किरकटवाडी, नांदोशी, नांदेड ही गावं पुढे आली आणि लक्ष नांदेडच्या विहिरीकडे वळलं. साथ पकडायला रुग्णाचं आडनाव लागलं नाही, त्याच्या घरात पाणी कुठून येतं ते लागलं.

आडनाव बाहेर पडलं की काय होतं, तेही आम्ही पाहिलं. कोविडमध्ये आमच्या सोसायटीत कोण पॉझिटिव्ह आलं, हे त्या घरी फोन यायच्या आधी मोबाइलच्या ग्रुपवर यायचं. यादी कुठून फुटली, कोणी बघितली, याचा माग लागला नाही. दूधवाला त्या दारी थांबेना. पुढे खोकला आला तरी लोक तपासणीला जाईनात. म्हणजे पुन्हा १८९७.

कोणी काय बघितलं याचा माग ठेवायला रेकॉर्ड रूममध्ये साधा उपाय होता. फाइल रॅकमधून काढली की तिच्या जागी ट्रेसर कार्ड ठेवायचं: जाड पुठ्ठ्याचं, फाइलीपेक्षा बोटभर उंच, म्हणजे लांबून दिसेल. त्यावर नेणाऱ्याचं नाव, विभाग, कारण, तारीख, सही. मोठ्या डॉक्टरांनी “अगं, पाच मिनिटांत देतो” म्हटलं तरी कार्डाशिवाय फाइल हलत नसे. आमच्या हेडबाई म्हणायच्या, “फाइल हरवली तर शोधू. पण नेली कोणी तेच कळलं नाही, तर आपण इथे बसतो कशाला?”

पडद्यावर रेकॉर्ड उघडणाऱ्या अधिकाऱ्यालाही हाच नियम हवा. आजार, तारीख, वय, पत्ता हे रकाने त्याला खुशाल दिसू द्यावेत; नाव गरज पडेल तेव्हा, कारण नोंदवून. आणि ते कार्ड रुग्णालाही दिसावं. एचआयव्हीच्या २०१७ च्या कायद्याने रुग्णाची ओळख जपायचं बंधन घातलंच आहे. माझा केसपेपर महापालिकेने वाचावा, जरूर वाचावा. फक्त कोणी वाचला ते मला घरबसल्या कळू द्या.