लांब नाकाची सौंदर्यशस्त्रक्रिया

लांब नाकाची सौंदर्यशस्त्रक्रिया : नाकाची लांबी, उंचवटा किंवा झुकलेले टोक कमी करून ते चेहऱ्याच्या इतर भागांशी सुसंगत करण्यासाठी केली जाणारी शस्त्रक्रिया. ऱ्हायनोप्लास्टी अर्थात नासासंधान या शाखेचा हा एक भाग असून व्यवहारात तिला ‘नाकाची प्लास्टिक सर्जरी’ म्हणतात. नासासंधानाचे हेतू दोन : गेलेले किंवा बिघडलेले नाक पुन्हा घडवणे आणि धडधाकट नाकाचा आकार बदलणे. लांब नाकावरची शस्त्रक्रिया दुसऱ्या प्रकारात मोडते. तिच्यात बरा करायचा आजार नसतो. त्यामुळे ती करावी की नाही हा प्रश्न तंत्राइतकाच मोलाचा ठरतो. हा प्रश्न आता महानगरांपुरता राहिलेला नाही. सोलापूरसारख्या शहरांतील तरुण-तरुणींपुढेही तो येतो.

इतिहास : सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळाव्या अध्यायात तुटलेले नाक जोडण्याची रीत दिली आहे. नाकाच्या मापाचे पान घ्यावे, त्या बेताने गालाची त्वचा एका बाजूने जोडलेली ठेवून सोडवावी, ती नाकाच्या जागी बसवावी आणि श्वासासाठी नळ्या ठेवाव्यात, असा तो विधी आहे. जखम भरल्यावर नाक अपुरे वाटले तर वाढवावे आणि मांस जास्त झाले तर सारखे करावे, असेही तेथे सांगितले आहे.

या विद्येची आधुनिक जगाला ओळख करून देणारी घटना महाराष्ट्रात घडली. तिसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात इंग्रजी फौजेचे बैल हाकणाऱ्या एका मराठा गाडीवानाला टिपू सुलतानाच्या सैन्याने पकडले व त्याचे नाक आणि एक हात कापला. इंग्रजी कागदांत त्याचे नाव कावसजी असे आले आहे. वर्षभराहून अधिक काळ तो नाकाविना राहिला. पुढे पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याला नवे नाक बसवून दिले. मेणाच्या पातळ पत्र्याने माप घेऊन ते कपाळावर आखले, तेवढी त्वचा भुवयांमधील देठ राखून सोडवली आणि वळवून खाली आणली. वर काताचा लेप लावलेल्या कापडाच्या पट्ट्या ठेवल्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेले कापड लावले. सुमारे पंचविसाव्या दिवशी देठ कापला. थॉमस क्रूसो व जेम्स फिंडले या मुंबई इलाख्यातील इंग्रज शल्यविशारदांनी ही शस्त्रक्रिया पाहिली होती. ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये तिचा वृत्तांत चित्रासह छापून आला. तो वाचून जोसेफ कार्प्यू यांनी 1814 मध्ये लंडनला कपाळाच्या त्वचेने नाक घडवले आणि 1816 मध्ये त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. कपाळाच्या त्वचेचा हा पट्टा ‘भारतीय पद्धत’ म्हणून आजही ओळखला जातो आणि कर्करोगाने किंवा अपघाताने नाक गमावलेल्यांसाठी वापरला जातो.

धडधाकट नाक लहान करण्याची वाट मात्र पश्चिमेत पडली. अमेरिकेत जॉन ऑर्लंडो रो यांनी 1887 मध्ये नाकाच्या आतून छेद घेऊन टोकाचा आकार बदलल्याचे लिहिले. बर्लिनचे जाक योझेफ यांच्याकडे 1898 मध्ये आलेला तरुण मोठ्या नाकामुळे चारचौघांत जाण्याचे टाळत असे. योझेफ यांनी त्याचे नाक लहान केले. व्यंगामुळे होणारा मनस्ताप हेही शस्त्रक्रियेचे रास्त कारण असू शकते, ही भूमिका त्यांनी बर्लिनच्या वैद्यकीय सभेपुढे मांडली. सौंदर्यशस्त्रक्रियेचे समर्थन आजही मुख्यतः याच मुद्द्यावर उभे आहे.

महाराष्ट्रात स्वातंत्र्यानंतर या शाखेला संस्थात्मक रूप आले. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सी. बालकृष्णन यांच्या नेतृत्वाखाली 1958 मध्ये प्लास्टिक सर्जरीचा देशातील पहिला स्वतंत्र विभाग सुरू झाला. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशीर अंतिया यांनी कुष्ठरोगाने बसलेली नाके व वाकडी झालेली बोटे दुरुस्त करण्याचे मोठे काम केले. म्हणजे इथल्या परंपरेचा भर गेलेले परत देण्यावर होता. आहे ते कमी करण्याची मागणी नंतर आली.

लांब नाक म्हणजे काय : ‘माझे नाक लांब आहे’ या एका तक्रारीमागे वेगवेगळ्या रचना असू शकतात. नाकाचा वरचा तिसरा हिस्सा हाडाचा, मधला व खालचा कूर्चेचा असतो आणि या सर्वांना आतून पडदा आधार देतो. (1) पडद्याची खालची कड लांब असेल तर नाक खरोखरच लांब असते. (2) टोक खाली झुकलेले असेल तर लांबी बेताची असूनही नाक लांब दिसते. हसताना वरच्या ओठाजवळचा स्नायू टोक खाली ओढतो, तेव्हा हे जास्त जाणवते. (3) नाकाच्या पाठीवर उंचवटा असेल तर बाजूने पाहताना नाक मोठे भासते. (4) टोक चेहऱ्यापासून फार पुढे आलेले असते. (5) हनुवटी मागे असेल तर नाकाचा दोष नसतानाही ते पुढे आल्यासारखे वाटते. अशा वेळी हनुवटीवरील शस्त्रक्रिया अधिक उपयोगी ठरू शकते. वाढत्या वयात कूर्चेचे बंध सैल पडून टोक उतरते, हे सहावे कारण.

मोजमापासाठी चेहऱ्याचे तीन आडवे भाग करतात. मधला भाग साधारण नाकाच्या लांबीइतका असावा असा ठोकताळा आहे. नाक व वरचा ओठ यांमधील कोन पुरुषांत सुमारे 90 ते 95 अंश आणि स्त्रियांत सुमारे 95 ते 110 अंश इष्ट मानतात. ही मापे प्रामुख्याने युरोपीय चेहऱ्यांवरून रूढ झाली आहेत. मराठी चेहऱ्यांत कोकणापासून विदर्भापर्यंत पुष्कळ विविधता असल्याने ती जशीच्या तशी लावणे चुकीचे ठरते.

मोबाइलवरील छायाचित्रे फसवी असतात. 2018 मध्ये ‘जामा फेशियल प्लास्टिक सर्जरी’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार सुमारे 12 इंचांवरून घेतलेल्या सेल्फीत नाक प्रत्यक्षापेक्षा जवळजवळ 30 टक्के रुंद दिसते. 5 फुटांवरून हा फरक जवळपास नाहीसा होतो. म्हणून निर्णयासाठी सेल्फीचा आधार घेऊ नये. पुरेशा अंतरावरून समोरून, दोन्ही बाजूंनी व खालून घेतलेली छायाचित्रे लागतात.

शस्त्रक्रियेची पद्धत : शस्त्रक्रिया बहुधा पूर्ण भूल देऊन करतात आणि तिला साधारण दोन ते चार तास लागतात. बंद पद्धतीत सर्व छेद नाकपुड्यांच्या आत असतात. खुल्या पद्धतीत दोन नाकपुड्यांमधील खांबावर एक छोटा छेद घेऊन त्वचा वर उचलतात. त्यामुळे कूर्चा थेट दिसते, पण खांबावर बारीक वण राहतो.

लांबी कमी करण्यासाठी पडद्याच्या खालच्या कडेची पट्टी आणि टोकाच्या कूर्चेची वरची कड बेताने काढतात. मग टाके घालून किंवा आधाराला कूर्चेचा तुकडा बसवून टोक थोडे वर फिरवतात. उंचवटा कानशीने किंवा छिन्नीसारख्या हत्याराने उतरवतात. काही ठिकाणी त्यासाठी श्राव्यातीत कंपनांवर चालणारे यंत्र वापरतात. उंचवटा काढल्यावर पाठ सपाट व उघडी राहू नये म्हणून दोन्ही बाजूंची हाडे कापून आत सरकवावी लागतात. पडदा वाकडा असेल तर तोही याच वेळी सरळ करता येतो. आधारासाठी कूर्चा लागल्यास ती पडद्यातून, कानातून किंवा बरगडीतून घेतात.

पडद्याचा पुढचा व वरचा किमान एक सेंटिमीटरचा भाग राखावा लागतो. तो गेला तर पाठ खचू शकते. मधल्या हिश्श्यात गरजेपेक्षा जास्त कूर्चा काढली तर श्वासमार्गातील सर्वांत अरुंद जागा आणखी आवळते. या कारणांमुळे आज शल्यविशारद पूर्वीपेक्षा कमी काढतात आणि उरलेल्या भागाला जास्त आधार देतात.

परिणाम व धोके : शस्त्रक्रियेनंतर नाकावर बसवलेला साचा साधारण एका आठवड्याने काढतात. डोळ्यांभोवतीचा काळेनिळेपणा बहुधा दोन आठवड्यांत उतरतो. सूज मात्र हळूहळू जाते. अंतिम आकार कळायला सुमारे एक वर्ष लागते आणि त्वचा जाड असेल तर त्याहून अधिक. जाड त्वचेखाली केलेले बारीक काम वरून दिसत नाही, ही मर्यादा अनेक भारतीय नाकांना लागू पडते.

रक्तस्राव, जंतुसंसर्ग, टोकाची बधिरता, दोन्ही बाजूंत फरक, पडद्याला भोक पडणे, पाठ खचणे, टोकाच्या वर पोपटाच्या चोचीसारखा फुगवटा येणे आणि श्वास कोंडणे हे ज्ञात धोके आहेत. दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण सामान्यतः 5 ते 15 टक्के सांगितले जाते. दुसरी शस्त्रक्रिया अधिक अवघड असते. एकदा आखूड झालेले नाक लांबवण्यासाठी बहुधा बरगडीची कूर्चा लागते आणि तरीही मूळ रूप येईलच असे नाही.

निर्णय : नाकाची वाढ मुलींत साधारण 15 ते 16 आणि मुलांत 17 ते 18 वर्षांपर्यंत चालते, त्याआधी केवळ रूपासाठी शस्त्रक्रिया करत नाहीत. ज्याला आपली तक्रार एका वाक्यात सांगता येते, ती इतरांनाही दिसते आणि ज्याची अपेक्षा सुधारणेची आहे, त्याचे समाधान होण्याची शक्यता जास्त असते. कुणा नटीसारखे नाक मागणारा किंवा नाक बदलल्यावर नोकरी, लग्न, संसार सगळे सुरळीत होईल असे मानणारा बहुधा निराश होतो.

इतरांना न दिसणाऱ्या किंवा किरकोळ दोषाने मन सतत व्यापणे, दिवसातून अनेकदा आरसा पाहणे आणि लोकांत जाणे टाळणे ही शरीरप्रतिमा-विकाराची लक्षणे असू शकतात. इटालियन मनोविकारतज्ज्ञ एन्रिको मोर्सेली यांनी 1891 मध्ये हा विकार नोंदवला. नाकाच्या शस्त्रक्रियेसाठी येणाऱ्यांत तो सर्वसाधारण लोकांपेक्षा अधिक आढळतो. शस्त्रक्रियेने तो सहसा बरा होत नाही. मानसोपचारांचा उपयोग होतो.

मराठी घरांत हा विषय पुष्कळदा लग्न ठरवताना निघतो. नाकीडोळी नीटस असण्याची अपेक्षा मुलीकडून जास्त केली जाते. चाफेकळी नाकाचे कौतुक होते आणि नकटीच्या नावाने म्हण आहे. म्हणजे तरतरीत नाक इथे मुळात गुणच मानले गेले. ते लांब वाटू लागते ते शाळेतील चिडवण्याने, बायोडेटाच्या फोटोने किंवा पाहुण्यांच्या शेऱ्याने. पसंती-नापसंतीच्या दडपणाखाली किंवा साखरपुड्याच्या तोंडावर घेतलेला निर्णय टाळावा. लग्नाआधी शस्त्रक्रिया करायचीच असेल तर पुरेसे महिने हाताशी असावेत. सुजलेल्या नाकावर चापाच्या नथेचा दाबही पडू देता येत नाही.

शस्त्रक्रियेविना उपाय : हायल्युरॉनिक आम्लाचे फिलर टोचून उंचवट्याच्या वरची खोल जागा भरता येते, त्यामुळे पाठ सरळ भासते. फिलरने नाक लहान होत नाही आणि परिणाम तात्पुरता असतो. ते रक्तवाहिनीत गेल्यास त्वचा मरू शकते व क्वचित अंधत्व येते. नाकाला लावायचे चिमटे, मालीश व मलम यांनी हाडाचा किंवा कूर्चेचा आकार बदलत नाही.

सोलापुरातील स्थिती : शहरात 1963 मध्ये स्थापन झालेले डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व त्याला जोडलेले छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय आहे. पडदा वाकडा असणे, नाकातील हाड वाढणे किंवा जुनी दुखापत यांची तपासणी कान-नाक-घसा विभागात होते. रूपाच्या तक्रारीची सुरुवातही अशा तपासणीने करणे हितावह. श्वासाचा त्रास निघाला तर निर्णयाची दिशाच बदलते.

अनेकांचा ओढा सुमारे 250 किलोमीटरवरील पुण्याकडे किंवा मुंबई-हैदराबादकडे असतो. बाहेरगावी शस्त्रक्रिया करताना साचा निघेपर्यंतचा मुक्काम आणि वर्षभरातील तपासण्यांच्या फेऱ्या हिशेबात धराव्या लागतात. सोलापूरचा उन्हाळा 40 अंशांच्या वर जातो. घामाने साचा सैल होतो आणि कोवळ्या वणावर ऊन पडल्यास तो काळवंडतो, म्हणून हिवाळा सोयीचा. यंत्रमागाच्या कारखान्यात काम करणाऱ्यांनी तंतुधुळीत परतण्याआधी डॉक्टरांना विचारावे. चष्मा चार ते सहा आठवडे नाकावर टेकवू नये. तंबाखू व सिगारेट शस्त्रक्रियेच्या काही आठवडे आधीपासूनच सोडावी लागते.

खर्च, विमा व कायदा : केवळ रूपासाठी केलेल्या शस्त्रक्रियेचा खर्च आरोग्यविमा देत नाही; अपघात, भाजणे, कर्करोग किंवा वैद्यकीय गरज यांमुळे केलेली पुनर्रचना याला अपवाद आहे. वस्तू व सेवा करातही आरोग्यसेवेला असलेली माफी सौंदर्यशस्त्रक्रियेला नाही. जन्मजात व्यंग किंवा इजा यांवरील पुनर्रचनेला मात्र ती आहे. पडद्याची दुरुस्ती व रूपबदल एकत्र केल्यास दोन्हींचे बिल वेगळे मागावे.

समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या 2008 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की रुग्णाला उपचाराचे स्वरूप, धोके व पर्याय यांची पुरेशी माहिती देऊनच संमती घ्यावी आणि एका उपचाराची संमती दुसऱ्याला लागू होत नाही. शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर प्लास्टिक सर्जरीचा एम.सीएच. पदवीधर किंवा नाकाच्या कामाचा अनुभव असलेला कान-नाक-घसा तज्ज्ञ असावा. त्याची नोंदणी महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे पडताळता येते. भूलतज्ज्ञ कोण, दुसरी शस्त्रक्रिया लागल्यास खर्च कोणाचा आणि त्याच डॉक्टरांच्या जुन्या रुग्णांची वर्षभरानंतरची छायाचित्रे कशी आहेत, हे विचारूनच संमतिपत्रावर सही करावी. उत्तरे समाधानकारक नसतील तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे. ही शस्त्रक्रिया तातडीची कधीच नसते.