'साहित्य' या शब्दाचा दुसरा अर्थ

वाङ्मयाच्या अभ्यासकांना 'साहित्य' या शब्दाचा दुसरा अर्थ सहसा आठवत नाही. प्राथमिक शाळेच्या विज्ञानाच्या वहीत मात्र तोच पहिला असतो : वाडगाभर पाणी, शिवणाची सुई, पिंपळाचे पान, लोहचुंबक. पुढे कृती, निरीक्षण, अनुमान. बालविज्ञानाचा सारा आशय या चार शब्दांच्या क्रमात आहे, आणि आपल्या वर्गांतून तो क्रम वारंवार उलटा झाला, असे आम्हाला वाटते. फळ्यावरून आधी अनुमान उतरवून घेतले जाते, निरीक्षण त्याला साजेसे लिहिले जाते, आणि कृती राहूनच जाते.

वस्तुतः चुंबकावर एकाच दिशेने घासलेली सुई पानावर ठेवून पाण्यात सोडली, की ती वळून दक्षिणोत्तर स्थिरावते. विळा जवळ आणताच पुन्हा हलते. याला प्रयोगशाळा लागत नाही. पेण तालुक्यातल्या वडखळच्या एखाद्या वर्गात हा प्रयोग झाला, तर त्याचा इतिहासही जवळच सापडेल. वडखळला मुंबई-गोवा महामार्गावरून अलिबागचा रस्ता फुटतो. त्याच अलिबागेत १९०४ साली चुंबकीय वेधशाळा सुरू झाली, तीही एका सुईपायी.

मुंबईतल्या कुलाबा वेधशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होत असे. शहरात विजेच्या ट्राम येणार हे ठरले, तेव्हा त्या प्रवाहाने नोंदी बिघडणार हे उघड होते. वाहती वीज चुंबकसुई वळवते, हे ओर्स्टेडने १८२० सालीच दाखवले होते. म्हणून नवी जागा निवडली गेली आणि लोखंड टाळून इमारत उभी राहिली. तरीही संचालक नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी समांतर वेध घेतले गेले. जुन्या आणि नव्या नोंदी ताडून पाहिल्यावाचून पुढे जायचे नाही, ही ती शिस्त होती. विजेची ट्राम धावली ती १९०७ साली.

मग हे पाहणे शाळेत का रुजले नाही? उत्तराचा एक भाग भाषेत आहे. १९७४ साली स्थापन झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने वि. गो. कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातल्या ग्रामीण शाळांत काम केले. पाठ्यपुस्तकाची भाषाच मुलांच्या वाटेतला अडसर ठरते, आणि ती सोपी केली की आकलन सुधारते, मुले वर्गात अधिक बोलू लागतात, असे केंद्राच्या अभ्यासातून पुढे आले.

ही गोष्ट आम्हा भाषेच्या शिक्षकांना झोंबायला हवी. 'सुई आपोआप फिरली' असे मूल लिहिते. आम्ही ते खोडून 'सुईचे विचलन झाले' असे लिहायला लावतो. मुलाचे वाक्य पाहिल्यानंतरचे आहे, आमचे न पाहताही लिहिता येते. परिभाषा हवीच, परंतु ती अनुभवाच्या मागून यावी. 'आपोआप' या शब्दावर लाल रेघ ओढण्याऐवजी 'खरेच आपोआप?' एवढे विचारले, तरी पुढचा प्रयोग सुरू होतो.

शाळेची सहल अलिबागला जाते तेव्हा मुले समुद्र आणि किल्ला पाहून परततात. त्याआधी वर्गात सुई फिरलेली पाहिली असेल, तर वेधशाळेच्या कुंपणाबाहेरूनही त्यांना एक प्रश्न विचारता येईल : इथे लोखंड का नको?