वॉलआयसाठी कृत्रिम आमिषे

वॉलआय (सॅन्डर व्हिट्रियस) हा कॅनडातील व अमेरिकेच्या उत्तर भागातील गोड्या पाण्यातला, पर्च कुळातील शिकारी मासा. ओजिब्वे लोक त्याला ‘ओगा’ म्हणतात. मिनेसोटाने १९६५ मध्ये त्याला राज्यमासा ठरवले. त्याच्यासाठी कोणते आमिष निवडावे, हे त्याच्या डोळ्यावरून ठरते.

या डोळ्याच्या पडद्यात प्रकाश परतवणारा थर असतो, त्यामुळे रात्री दिव्याच्या उजेडात तो मांजरासारखा चमकतो. तिन्हीसांजेला त्याचे भक्ष्य असलेल्या पर्च माशांना नीट दिसेनासे झाले की वॉलआय शिकारीला निघतो. वाऱ्याने पाणी हिंदकळले, आभाळ भरून आले, की भरदिवसाही तो उथळात येतो. हिरवा आणि नारिंगी-तांबडा हे रंग त्याला चांगले ओळखता येतात. म्हणूनच गढूळ पाण्यात पोपटी, नारिंगी, सोनेरी आमिषे चालतात, तर नितळ पाण्यात भक्ष्यमाशांसारखी रुपेरी. मात्र रंगाची चर्चा गरजेपेक्षा जास्त होते. आमिष किती खोल आणि किती वेगाने फिरते, हे आधी पाहावे.

सर्वांत भरवशाचे आमिष म्हणजे जिग : गळाच्या मानेशी ओतलेला शिशाचा गोळा आणि मागे मऊ प्लास्टिकची शेपटी, गांडूळ, जळू किंवा छोटा मासा. दोन-तीन मीटर शांत पाण्यात साडेतीन ग्रॅमचा जिग पुरतो. खोली, वारा किंवा प्रवाह वाढला की सात ग्रॅम वा अधिक. तळ हाताला जाणवेल असा सर्वांत हलका जिग घ्यावा. तो वीतभर उचलून पुन्हा तळाकडे सोडायचा, पण दोरी पूर्ण सैल पडू द्यायची नाही, कारण मासा बहुतेक वेळा जिग खाली येतानाच तो तोंडात ओढतो. हाताला झटका क्वचितच बसतो. दोरी किंचित जड लागते किंवा जिग तळाला टेकतच नाही. तेवढ्या खुणेवर गळ ओढावा लागतो. वसंतात, अंडी घालण्याच्या सुमारास, पाणी दहा अंशांखाली असताना ही हालचाल आणखी संथ ठेवावी.

उन्हाळ्यात मासे पांगतात, तेव्हा होडीमागे आमिष ओढत पाणी धुंडाळतात. मणी, पत्र्याची भिंगरी आणि गांडूळ यांची जोडणी ताशी दीड-दोन किलोमीटरने ओढली तरी चालते. भिंगरी फिरत राहिली पाहिजे, एवढेच. क्रँकबेट हे माशाच्या आकाराचे, जबड्याखाली पट्टी असलेले आमिष ताशी अडीच ते चार किलोमीटरने ओढतात. पट्टी जितकी लांब, तितके ते खोल जाते. ईरी सरोवरात ही पद्धत फार चालते. फिनलंडच्या लाउरी रापाला यांनी १९३६ मध्ये बुचातून कोरून चॉकलेटच्या चांदीत गुंडाळलेला लडखडत पोहणारा मासा याच घराण्यातला. शरद ऋतूत रात्री खडकाळ काठालगत असा तरंगता मासा अगदी हळू ओढावा.

हिवाळ्यात बर्फाला भोक पाडून, उचलल्यावर गोल घिरटी घेणारे जड आमिष सोडतात.

शिसे पक्ष्यांना विषारी आहे. तळातील खड्यांबरोबर ते गिळून लून पक्षी मरतात, म्हणून न्यू हॅम्पशायर, मेन, व्हरमाँट या अमेरिकी राज्यांत गळाला लावायच्या शिशाच्या लहान वजनांवर बंदी आहे. त्यांच्या जागी कथील किंवा टंगस्टन वापरावे. टंगस्टन शिशापेक्षा घन असल्याने तेवढ्याच वजनाचा जिग लहान होतो आणि तळही हाताला अधिक स्पष्ट लागतो.